कोणाविरुद्ध आणि कितव्या वर्षी

२१ जून २०१८ रोजी ब्रुकलिनमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, पार पडला. पहिली निवड फिनिक्स सन्सकडे होती, दुसरी सॅक्रामेंटो किंग्जकडे. उपलब्ध खेळाडूंमध्ये स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच होता, वय १९. महिन्याभरापूर्वीच त्याने रेआल माद्रिदला युरोलीगचं विजेतेपद मिळवून दिलं होतं, आणि त्या स्पर्धेच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब इतक्या लहान वयात त्याच्याआधी कुणालाही मिळालेला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी स्लोव्हेनिया एकही सामना न हरता युरोबास्केट जिंकली, तेव्हा हा अठरा वर्षांचा मुलगा स्पर्धेतल्या सर्वोत्तम पाच जणांत होता. तरीही फिनिक्सने डिआंड्रे एटनला घेतलं आणि सॅक्रामेंटोने मार्विन बॅगलीला. तिसऱ्या क्रमांकावर अटलांटाने डॉन्चिचचं नाव पुकारलं खरं, पण ठरलेल्या सौद्यानुसार ट्रे यंग आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली एक निवड घेऊन त्याला डॅलसच्या हवाली केलं. युरोपातलं बास्केटबॉल अमेरिकेला कळत नाही, असं अशा वेळी नेहमी म्हटलं जातं. इथे ते लागू पडत नाही. फिनिक्सने नुकतेच नेमलेले मुख्य प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव्ह हे स्लोव्हेनियाच्या त्या विजेत्या संघाचेच प्रशिक्षक होते. सॅक्रामेंटोचा कारभार पाहणारे व्लादे दिवाच हे स्वतः सर्बियन, १९८९ मध्ये युगोस्लाव्हियातून एनबीएत आलेल्या पहिल्या पिढीतले. डॉन्चिच कोण आहे, हे या दोन संघांइतकं जवळून क्वचितच कुणाला ठाऊक असेल. माहिती होती, ती तोलण्याचं माप चुकलं.

हे प्रकरण त्या मापाविषयी आहे. संघाचे व्यवस्थापक आणि संघाचे चाहते यांच्यात पगाराचा आणि जबाबदारीचा फरक असला, तरी नव्या खेळाडूची पारख करताना दोघेही बहुधा एकाच वाटेने चुकतात. उंची, हातांची लांबी, उडी आणि 'हा पुढे काय होऊ शकेल' याचं कल्पनाचित्र यांना ते फार वजन देतात; खेळाडूने आजवर प्रत्यक्ष काय केलं, कोणाविरुद्ध केलं आणि कितव्या वर्षी केलं, याला फार कमी. परदेशी खेळाडूंच्या बाबतीत तर ही चूक दुप्पट होते, कारण त्यांच्याविषयी दोन टोकांच्या ठरीव कल्पना आधीच तयार असतात: एक तर 'युरोपातून आलेला म्हणजे नाजूक', किंवा 'कुणी न पाहिलेला म्हणजे चमत्कार'. माझं म्हणणं असं, की वय आणि प्रतिस्पर्धी हे दोन प्रश्न आधी विचारले, तर बाहेर बसलेल्या चाहत्यालाही बऱ्यापैकी नेमका अंदाज बांधता येतो. तो प्रत्येक वेळी बरोबर येणार नाही. पण उडी पाहून बांधलेल्या अंदाजापेक्षा तो अधिक वेळा बरोबर येईल.

ड्राफ्टची रीत थोडक्यात अशी. तीस संघ, दोन फेऱ्या, साधारण साठ निवडी. आदल्या हंगामात बाद फेरी न गाठलेल्या संघांमध्ये सोडत निघते. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी असते. अमेरिकन मुलं बहुतेक करून विद्यापीठात किमान एक वर्ष खेळून येतात, परदेशी मुलं बहुधा व्यावसायिक क्लबांतून. चाहत्याच्या नजरेत मूळ असमतोल इथेच शिरतो. मार्चमधली विद्यापीठांची बाद फेरी अख्खी अमेरिका टीव्हीवर पाहते, त्यामुळे तिथल्या मुलांचे चेहरे, त्यांचे प्रशिक्षक, त्यांचे शेवटच्या सेकंदाचे बास्केट सगळ्यांच्या परिचयाचे असतात. स्पेनमधल्या सेव्हिया किंवा सर्बियातल्या व्हर्शाट्सच्या क्लबचा सामना पाहणारे मोजके. त्यांच्याबद्दल चाहत्यापर्यंत पोहोचतात त्या दीड-दोन मिनिटांच्या निवडक चित्रफिती, आणि अशा चित्रफितीत चुकलेला नेम कधीच नसतो.

न्यूयॉर्क निक्सच्या चाहत्यांनी २०१५ मध्ये जे केलं, ते या चर्चेत हटकून सांगितलं जातं. निक्सने चौथ्या क्रमांकावर लाटव्हियाच्या क्रिस्टाप्स पोर्झिंगिसचं नाव घेतलं आणि सभागृहात हुर्यो उठली. निक्सचा शर्ट घातलेला एक मुलगा रडताना टीव्हीवर दिसला. वर्षभरात पोर्झिंगिस पदार्पणाच्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा आला आणि त्याच चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. ही हकीकत सहसा चाहत्यांच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगतात. मला ते अन्यायाचं वाटतं. त्या हुर्योमागे अनुभव होता. याच निक्सने १९९९ मध्ये फ्रान्सच्या फ्रेडरिक वाइसला पंधरावा निवडलं होतं, लगेच पुढच्या क्रमांकावर न्यूयॉर्कमध्येच वाढलेला रॉन आर्टेस्ट गेला, आणि वाइस एनबीएत एकही सामना खेळला नाही. २००६ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला इटलीचा आंद्रेआ बार्न्यानी टोरँटोत फिका पडल्यावर निक्सने २०१३ मध्ये पहिल्या फेरीची निवड मोजून त्याला आणलं होतं, तेही अंगलट आलं. दोनदा हात पोळलेल्या माणसाने तिसऱ्यांदा ओरडणं स्वाभाविक होतं. चूक ओरडण्यात नव्हती, वर्गवारीत होती. वाइस, बार्न्यानी आणि पोर्झिंगिस यांना जोडणारा धागा एवढाच, की तिघंही उंच आणि तिघंही युरोपातले. पोर्झिंगिस विशीच्या आत स्पेनच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये प्रौढ व्यावसायिकांविरुद्ध नियमित खेळत होता, ही त्याच्याबद्दलची महत्त्वाची गोष्ट होती, आणि 'युरोपियन' या एका शिक्क्याखाली तीच झाकली गेली.

याच्या उलट टोकाला २००३ सालचा दार्को मिलिचिच. त्या ड्राफ्टमध्ये लेब्रॉन जेम्स पहिला गेला, दुसरी निवड डेट्रॉइट पिस्टन्सकडे होती. त्यांनी जेमतेम अठरा पूर्ण केलेल्या सर्बियन मिलिचिचला घेतलं. त्याच्यामागे ओळीने कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड गेले. मिलिचिच हेमोफार्म या क्लबकडून खेळत होता. त्याची कीर्ती पसरली ती मुख्यतः खासगी सरावसत्रांमुळे. सात फूट उंचीचा मुलगा रिकाम्या जिममध्ये पळतो, वळतो, नेम साधतो, हे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पुढची दहा वर्षं उभी राहिली. समोर त्याला अडवणारं कुणी नव्हतं. अँथनीने त्याच वर्षी सिरॅक्यूजला विद्यापीठ स्पर्धेचं विजेतेपद मिळवून दिलं होतं, म्हणजे त्याच्याबद्दल निदान एवढं तरी माहीत होतं, की सामना अटीतटीचा झाल्यावर तो काय करतो. त्याच्या आदल्या वर्षी डेन्व्हरने जॉर्जियाच्या निकोलोझ त्स्किटिश्विलीला पाचव्या क्रमांकावर घेतलं, तेही याच चालीवर. इटलीच्या ट्रेव्हिझो क्लबमध्ये त्याला फारसा वेळ खेळायला मिळत नव्हता, पण सरावात तो डोळे दिपवत असे. एनबीएतल्या पहिल्या हंगामात त्याचे तीस टक्के नेमही लागले नाहीत. या दोन निवडींचा राग नंतर कित्येक वर्षं युरोपच्या सगळ्याच मुलांवर निघाला. खरं तर दोन्ही निवडी फसल्या होत्या त्या पुरावा नसताना अव्वल क्रमांक खर्ची घातल्यामुळे.

पुरावा असतो तेव्हा तो वाचता यावा लागतो, आणि इथे आकड्यांनी भले भले फसतात. २०१७-१८ च्या युरोलीगमध्ये डॉन्चिचची सरासरी होती १६ गुणांची. त्याच हंगामात एटन आणि बॅगली यांनी आपापल्या विद्यापीठांकडून सामन्यामागे वीसहून अधिक गुण आणि अकराहून अधिक रिबाउंड केले. ट्रे यंगने तर २७ हून अधिक गुण करताना गुण आणि असिस्ट या दोन्ही यादींत देशात पहिला क्रमांक मिळवला. नुसते आकडे शेजारी ठेवले, तर डॉन्चिच चौघांत शेवटचा. पण त्या १६ गुणांमागे काय होतं? युरोपातला सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८. माद्रिदचा प्रशिक्षक पोरांना घडवण्यासाठी नव्हे तर जिंकण्यासाठी नेमलेला, त्यामुळे उत्तम खेळाडूलाही पंचवीस-सव्वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत बचाव करणाऱ्या उंच खेळाडूला बास्केटखाली ठाण मांडून उभं राहता येतं. एनबीएत तीन सेकंदांच्या वर तसं थांबण्यावर बंदी आहे. म्हणजे आत घुसायला युरोपात जागा कमी. आणि समोर उभे असतात ते पंचवीस-तीस वर्षांचे, या खेळावर घर चालवणारे पुरुष. क्लब घसरला तर खालच्या विभागात जाण्याची भीती स्पेनच्या लीगमध्ये खरी आहे, एनबीएत ती नाही. या परिस्थितीत एकोणिसाव्या वर्षी केलेले १६ गुण हे एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांविरुद्ध केलेल्या २१ गुणांहून किती तरी वजनदार ठरतात. त्यातही तो चेंडू हातात घेऊन खेळ रचत होता. म्हणजे संघाने जिंकण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली होती. विशीच्या आतल्या मुलावर अनुभवी क्लब अशी जबाबदारी टाकतो, तेव्हा रोज सराव पाहणाऱ्या जाणकारांनी त्याच्या बाजूने दिलेला तो कौलच असतो. घरी बसलेल्या चाहत्याला तो कौल फुकट वाचता येतो.

यावर पहिला आणि सगळ्यांत जोरदार आक्षेप यानिस आंतेतोकुम्पोचा. २०१३ मध्ये मिलवॉकीने त्याला पंधरावा निवडलं, तेव्हा तो ग्रीसच्या दुसऱ्या विभागात खेळत होता. प्रतिस्पर्धी पाहा म्हणणाऱ्याने त्याला बादच केलं असतं, आणि २०१९ व २०२० असे लागोपाठ दोन वर्षं एनबीएचा सर्वोत्तम ठरलेला खेळाडू हातचा घालवला असता. डर्क नोविट्स्कीही १९९८ मध्ये जर्मनीच्या दुसऱ्या विभागातून आला; सॅन अँटोनिओतल्या एका निमंत्रितांच्या सामन्यात त्याने अमेरिकेच्या निवडक मुलांविरुद्ध ३३ गुण केले आणि तेवढ्यावर तो नववा गेला. लेब्रॉन तर शाळेतून थेट आला होता. आक्षेप खरा आहे, आणि माझं मत त्यामुळे थोडं बदलतं: पुरावा नसणं म्हणजे खेळाडू वाईट असणं नव्हे, तर अंदाजाची व्याप्ती फार रुंद असणं. रुंद व्याप्तीवर पैज लावायला हरकत नाही, फक्त किंमत त्या मानाने हवी. पंधराव्या क्रमांकावर मिळणारा सर्वसाधारण खेळाडू संघात येऊन-जाऊन असतो. तिथे आंतेतोकुम्पोवर डाव लावून मिलवॉकीला गमवायचं थोडं होतं. दुसऱ्या क्रमांकावर, समोर वेड आणि बॉश असताना, डेट्रॉइटला गमवायचं पुष्कळ होतं. शिवाय आठवण एकतर्फी असते. २०१४ मध्ये टोरँटोने ब्राझीलच्या ब्रुनो कबोक्लोला विसावा निवडलं, तेव्हा त्याचे लांबलचक हात पाहून पुष्कळांना यानिसच आठवला होता. त्याचं तसं काही झालं नाही, म्हणून आज त्याचं उदाहरण कुणी देत नाही. शाळेतून थेट आलेल्यांतही लेब्रॉन सगळ्यांच्या तोंडी असतो. २००१ मध्ये वॉशिंग्टनने पहिला निवडलेला क्वामे ब्राउन नसतो.

दुसरा आक्षेप शरीराचा. बास्केटबॉलमध्ये उंची आणि चपळाई शिकवता येत नाही, कौशल्य शिकवता येतं. तेव्हा शरीराला अधिक वजन देणं शहाणपणाचंच, असं अनेक जाणते चाहते म्हणतात. एका मर्यादेपर्यंत ते खरं आहे. व्हिक्टर वेम्बान्यामाला २०२३ मध्ये सॅन अँटोनिओने पहिला निवडलं, त्यात त्याच्या अचाट उंचीचा वाटा होताच. पण तो फ्रान्सच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये प्रौढांविरुद्ध गुणांच्या यादीत अव्वल होता, हेही होतं. शरीर आणि पुरावा एकाच बाजूला असतील तर वादच नाही. वाद उभा राहतो ते दोन परस्परविरुद्ध बोलतात तेव्हा. निकोला योकिच अंगाने थुलथुलीत, उडी बेताची. २०१४ मध्ये डेन्व्हरने त्याला ४१ वा निवडलं आणि ते नाव पुकारलं गेलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. पुढे तो २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. चेंडू कुठे जाणार हे इतरांच्या आधी दिसणं, ही त्याची ताकद, आणि ती कुठल्याही मोजपट्टीत मावत नाही. दृष्टी आणि निर्णयाचा वेग या गोष्टी उंचीइतक्याच शिकवायला अवघड आहेत. 'कौशल्य शिकवता येतं' या वाक्यात नेमबाजी आणि ही दृष्टी एकाच पोत्यात भरली जाते, तिथेच तो युक्तिवाद लंगडा पडतो.

डॉन्चिचच्या शरीराविषयी घेतल्या जाणाऱ्या शंका मात्र निराधार नव्हत्या, हे मान्य करायला हवं. त्याचा बचाव, त्याचं वजन यांवर पुढेही बोललं गेलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने त्याला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन अँथनी डेव्हिसला घेतलं, तेव्हा बचावाचं कारण पुढे करण्यात आलं. डॅलसच्या चाहत्यांनी स्टेडियमबाहेर जमून घोषणा दिल्या. मला इथे चाहत्यांची पारख व्यवस्थापनापेक्षा सरस वाटते. २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं लीगच्या पहिल्या पाचांत निवडला गेलेला, आदल्याच हंगामात संघाला अंतिम फेरीत नेणारा, पंचविशीतला खेळाडू देऊन त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा आणि वारंवार जायबंदी होणारा खेळाडू घेणं, यात पुन्हा तेच घडलं होतं: केलेल्या कामाहून शरीराविषयीच्या मताला मोठं ठरवणं. चाहत्यांनी ते कुठलाही गुप्त अहवाल न वाचता ओळखलं.

तिसरा आक्षेप असा, की भक्कम पुरावा असलेलेही फसतात. यान वेसेली बेलग्रेडच्या पार्टिझानकडून युरोलीग खेळून आला होता. २०११ मध्ये वॉशिंग्टनने त्याला सहावा घेतलं, तीन वर्षांत तो परत गेला. रिकी रुबिओ चौदाव्या वर्षी स्पेनच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये उतरला, सतराव्या वर्षी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध खेळला. एनबीएत तो चांगला, भरवशाचा खेळाडू झाला, पण पहिल्या रांगेतला नाही. मात्र या दोघांचं पुढे काय झालं तेही पाहायला हवं. वेसेली २०१९ मध्ये युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि रुबिओ त्याच वर्षी विश्वचषकाचा. म्हणजे त्यांच्या गुणवत्तेविषयीचा पुरावा खोटा नव्हता. तो एका विशिष्ट प्रकारच्या खेळाविषयीचा होता. रुबिओचा नेम कच्चा होता आणि वेसेलीला बास्केटपासून लांबून मारा जमत नव्हता. एनबीएत मैदान मोकळं, तिथे नेम नसलेल्या खेळाडूला सोडून बचाव करणारे मोकळे होतात. प्रतिस्पर्धी आणि वय यांच्या जोडीला तिसरा प्रश्न विचारावा लागतो तो हा: त्याने जे केलं, त्यातलं काय या दुसऱ्या नियमांत टिकेल?

निकाल आणि निर्णय यांची गल्लत हा तर चाहत्यांचा जुनाच रोग. डॉन्चिच एवढा मोठा झाला म्हणून एटनची निवड हास्यास्पद ठरत नाही. २०२१ मध्ये फिनिक्स अंतिम फेरीत गेलं तेव्हा बास्केटखालची बाजू एटननेच सांभाळली होती. अटलांटाही त्याच वर्षी ट्रे यंगच्या जोरावर आपल्या विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचलं. निर्णयाच्या दिवशी हाताशी काय होतं, यावर निर्णय जोखायचा, आणि त्या कसोटीवर तिघांतला सगळ्यांत दुबळा निर्णय सॅक्रामेंटोचा. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या मालकीचा म्हणून आपल्याकडे ज्या संघाविषयी थोडी आपुलकी आहे, २०१९ मध्ये मुंबईत येऊन खेळला तो हाच संघ. त्यांनी बॅगलीला साडेतीन वर्षांत डेट्रॉइटला देऊन टाकलं. दुसरीकडे, पहिल्या हंगामावरून शिक्का मारण्याची घाई तितकीच घातक. नोविट्स्कीने पहिल्या वर्षी सरासरी ८.२ गुण केले, आंतेतोकुम्पोने ६.८. दोघांच्याही नावावर त्या वर्षी 'फसलेला' असं लिहून मोकळं होणं अगदी सोपं होतं. डॅलसला २०११ मध्ये आणि मिलवॉकीला २०२१ मध्ये विजेतेपद मिळवून दिलं ते याच दोघांनी.

ड्राफ्ट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी आठला सुरू होतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. २०१५ मध्ये ड्राफ्टच्या सकाळी भारतातल्या चाहत्यांना एक नाव ऐकू आलं: पंजाबच्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंचांचा सतनाम सिंग, डॅलसने ५२ वा निवडलेला, या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. आनंद झाला तो रास्तच होता. अपेक्षा मात्र क्रमांकाच्या मानाने फार वर गेल्या. तो फ्लोरिडातल्या अकादमीत शिकत होता. विद्यापीठाकडून किंवा व्यावसायिक लीगमध्ये, प्रौढांविरुद्ध, त्याच्या नावावर काहीही नव्हतं. दुसऱ्या फेरीच्या शेवटाकडचे बहुतेक खेळाडू एनबीएत टिकत नाहीत. सतनाम डॅलसच्या दुय्यम संघाकडून दोन हंगाम खेळला, एनबीएच्या सामन्यात उतरण्याची वेळ आली नाही. याला सतनामचं अपयश म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. ५२ व्या क्रमांकाने जेवढं सांगितलं होतं, तेवढंच घडलं. पुढचा भारतीय खेळाडू जेव्हा या यादीत येईल, तेव्हा त्याची उंची सगळी वर्तमानपत्रं छापतील. त्याआधीच्या दोन वर्षांत तो कुठल्या लीगमध्ये, सामन्यामागे किती मिनिटं खेळला आणि शेवटच्या पाच मिनिटांत प्रशिक्षकाने त्याला मैदानावर ठेवलं की बाकावर, हे मात्र चाहत्यालाच शोधून काढावं लागेल.